चवदार तळे आणि नगरपालिकेचा ठराव

रायगड पाहायला निघालेला मराठी माणूस बहुधा महाडवरूनच पुढे जातो. महाडच्या एस.टी. स्टँडवर उतरायचे, चहा घ्यायचा आणि पाचाडची गाडी धरायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत ही वाट केली असेल. पण याच गावात एक तळे आहे, तिथे आपल्यापैकी किती जण थांबले? गडावर आपण स्वराज्याचा इतिहास आठवतो. या तळ्याकाठी त्याच भूमीतल्या सामान्य माणसाने नागरिक म्हणून आपला हक्क कसा मागितला, तो इतिहास आहे.

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचला आहे. २० मार्च १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले, आणि देशभर खळबळ उडाली. एवढे आपल्याला ठाऊक असते. मात्र या घटनेत आणखी एक पात्र आहे आणि त्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ते पात्र म्हणजे महाडची नगरपालिका! तळे खुले करण्याचा ठराव तिनेच केला होता आणि पुढे तो मागे घेतला तोही तिनेच.

आज 'मानवी हक्कांचे शहर' ही कल्पना जगभर चर्चेत आहे. अर्जेंटिनातील रोझारिओ शहराने १९९७ साली स्वतःला असे शहर म्हणून घोषित केले आणि त्यानंतर अनेक शहरांनी तो कित्ता गिरवला. हक्कांचे रक्षण हे फक्त दिल्लीचे, लंडनचे किंवा वॉशिंग्टनचे काम नाही, ते पाणी, रस्ते, शाळा, मैदाने सांभाळणाऱ्या नगरसंस्थेचेही काम आहे, असा या कल्पनेचा गाभा. महाडसारख्या कोकणातल्या लहानशा गावाने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अनुभवला. शहर काय करू शकते आणि कुठे कच खाते, हे दोन्ही तिथे दिसले.

दोन ठराव

महाड हे सावित्री नदीच्या काठचे जुने व्यापारी गाव. त्या वेळचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा. या परिसरातील महार समाजातले अनेक जण इंग्रजांच्या फौजेत नोकरी करून, चार अक्षरे शिकून, पेन्शन घेऊन परतलेले. गोपाळबाबा वलंगकर हे असेच निवृत्त सैनिक. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवणाऱ्या पहिल्या पिढीतले. १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा उच्चवर्णीय सभासद नाराज झाले आणि वर्तमानपत्रांतून त्यावर वाद रंगला. एकाच सभागृहात शेजारी बसायचे कसे, हा प्रश्न त्या काळी खरोखरच मोठा होता. म्हणजे महाडमधला हा झगडा १९२७ साली अचानक आभाळातून पडलेला नाही.

पुढचे पाऊल मुंबईत पडले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव तथा रावबहादूर बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव आणला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. तो संमत झाला आणि सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे वागण्याची सूचना दिली.

या ठरावातला युक्तिवाद साधा होता. धर्म काय सांगतो, रूढी काय सांगते, या वादात तो शिरलाच नाही. पैसा कुणाचा, एवढेच त्याने विचारले. पैसा सर्वांचा असेल तर पाणीही सर्वांचे. आज आपण कर भरतो म्हणून वाचनालयात, बागेत, रस्त्यावर हक्काने वावरतो, तोच हा विचार.

जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने याला अनुसरून आपला ठराव केला. चवदार तळे अस्पृश्यांनी वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही, असा त्याचा आशय. यामागे सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी सुधारक विचारांची मंडळी होती. टिपणीस महाडचे नगराध्यक्ष होते. गावातल्या प्रतिष्ठित, पांढरपेशा घरातला हा माणूस आयुष्यभर या कामाशी जोडलेला राहिला. १९३७ च्या निवडणुकीत ते आणि अनंतराव चित्रे बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेले.

हरकत नाही, पण...

ठराव झाला. पुढे काय झाले? तीन वर्षे काहीच झाले नाही!

तळ्याभोवती रस्ता आणि रस्त्याला लागून स्पृश्यांची घरे. नगरपालिकेने 'हरकत नाही' म्हटले, पण शेजाऱ्यांची हरकत कायम होती. ठरावाची दवंडी पिटवून, शिपाई उभा करून, पहिल्या माणसाला पाणी भरू देण्याची व्यवस्था कुणी केली नाही. गुरे तळ्यावर पाणी पीत होती. गावात बाजारहाटाला किंवा कचेरीत कामाला आलेला अस्पृश्य माणूस मात्र तहानलेलाच परत जात होता. मुंबईतही बोले यांना हे दिसत होते. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे याची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. नुसत्या सदिच्छेने भागत नाही, हे त्यांनी तीन वर्षांत ओळखले होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे या स्थानिक तरुण कार्यकर्त्याने त्यासाठी रान उठवले होते. चित्रे आणि टिपणीस सोबत होते. परिषदेच्या जमाखर्चातला एक आकडा पुष्कळ काही सांगून जातो. प्रतिनिधींना प्यायला पाणी मिळावे म्हणून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! गावच्या मध्यभागी नगरपालिकेचे भरलेले तळे, ते खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव दप्तरात, आणि पाणी विकत.

दुसऱ्या दिवशी परिषदेतून माणसे रांगेने, शिस्तीत तळ्याकडे निघाली. बाबासाहेब पाणी प्यायले, मागोमाग इतर प्यायले. कायदा मोडण्याचा प्रश्नच नव्हता. नगरपालिकेने दिलेली परवानगी तिच्या नागरिकांनी प्रथमच वापरली, इतकेच घडले होते. थोड्या वेळाने गावात अफवा उठली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव मांडवावर चालून गेला, जेवत असलेल्या आणि गावी परतायला निघालेल्या लोकांना मारहाण झाली. काहींनी मुसलमानांच्या घरात आसरा घेतला. बाबासाहेबांच्या सोबत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते, त्यांचे हात शिवशिवत होते. पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि गुन्हे रीतसर नोंदवायला लावले. पुढे खटला चालून पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

इकडे गावातल्या सनातनी मंडळींनी तळे 'शुद्ध' करून घेतले. पंचगव्याचे एकशे आठ घडे त्यात ओतले, मंत्र म्हटले, आणि पाणी पुन्हा पिण्याजोगे झाल्याचे जाहीर केले.

माघार

आता नगरपालिकेची परीक्षा होती. आपण दिलेल्या शब्दाच्या बाजूने ती उभी राहणार की नाही?

नाही राहिली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. योगायोग असा, की बोले यांचा ठराव कौन्सिलात आला त्याला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

हे का घडले, ते समजून घेतले पाहिजे. त्या काळी नगरपालिकेचा मताधिकार मालमत्तेवर आणि करावर अवलंबून होता. ज्यांची घरे, दुकाने, तेच मतदार. ज्यांना पाणी हवे होते त्यांच्यापाशी मते नव्हती. सभासदांना रोज ज्यांच्या शेजारी राहायचे, ज्यांच्या लग्नमुंजीत बसायचे, ज्यांच्याकडे मते मागायची, ते सगळे दुसऱ्या बाजूला. मोठ्या सरकारला जे अंतर असते ते नगरपालिकेला नसते. हीच तिची ताकद आणि हाच तिचा कमकुवतपणा. गावाची गरज तिला सर्वांत आधी कळते आणि गावाचा दबावही तिच्यावरच सर्वांत आधी येतो.

असे फक्त महाडला घडले असे मात्र समजू नका. आपण अमेरिकेत राहतो, तिथलेच एक उदाहरण पाहा. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात नगरपालिकेचे पाच पोहण्याचे तलाव होते, चार गोऱ्यांसाठी आणि एक काळ्यांसाठी. १९६२ साली न्यायालयाने अशी विभागणी घटनाबाह्य ठरवली. शहराने काय केले? सर्वांसाठी तलाव खुले करण्याऐवजी १९६३ साली तलाव चालवणेच बंद केले! हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी शहराची कृती वैध ठरली. महाडचे तळे काय आणि जॅक्सनचे तलाव काय, पाण्याच्या काठावर माणसाची वृत्ती सारखीच दिसते. दुसऱ्याला द्यावे लागेल म्हणून स्वतःही वंचित राहायची तयारी!

सभेला जागा कोण देणार?

ठराव रद्द झाल्यावर बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे जाहीर केले. आता आणखी एक अडचण आली. परिषद भरवायची कुठे?

गावात कुणी जागा द्यायला तयार होईना. व्यापाऱ्यांनी माल विकायचे नाकारले, त्यामुळे हजारो माणसांसाठी लागणारे धान्य बाहेरून आणावे लागले. मोटारवाले ऐनवेळी बहिष्कार घालतील ही धास्ती होती. म्हणून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरात उतरले. तिथून महाड सुमारे पाच मैल, प्रसंग पडला तर पायीही जाता येईल, असा तो हिशेब. अखेर फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली आणि तिथे मांडव पडला.

हक्क म्हटला की आपल्याला भाषणस्वातंत्र्य, संघटनास्वातंत्र्य असे मोठे शब्द आठवतात. पण भाषण करायला मैदान लागते, बसायला सावली लागते, पोचायला वाहन लागते आणि प्यायला पाणी लागते. हे सगळे शहराच्या हातात असते. शहराने नुसते पाठ फिरवून बसायचे ठरवले तरी सभा होऊ शकत नाही. त्यासाठी बंदीहुकूम काढण्याचीही गरज पडत नाही. महाडला ती सभा झाली, कारण एका नागरिकाने शहराचे काम केले.

२५ डिसेंबर १९२७ रोजी सुमारे दहा हजार लोकांपुढे बाबासाहेबांनी भाषण केले आणि या परिषदेची तुलना १७८९ साली फ्रान्समध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेशी केली. त्याच रात्री गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे ही नावे इथे मुद्दाम सांगितली पाहिजेत. शहर म्हणजे काही एकच मत नसते. शहरात अशीही माणसे असतात आणि त्यांच्या आधाराने हक्काची वाट मोकळी होते.

कोर्टाची पायरी

मात्र तळ्यावर जाणे या वेळी झाले नाही. परिषदेच्या आधी, १२ डिसेंबरला, काही सनातनी मंडळींनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला होता. तळे आपले आहे, अस्पृश्यांना तिथे जायचा हक्क नाही, अशी त्यांची फिर्याद. कोर्टाने १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो लोक घरदार सोडून आलेले, तुरुंगात जायची तयारी असलेले. पण बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मानायचा निर्णय घेतला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला न शिवता परत फिरले. त्या दिवशी किती जणांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, याची कल्पना करवत नाही.

दावा पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. १९३१ साली महाडच्या कोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. १९३३ साली ठाण्याच्या कोर्टाने अपील फेटाळले. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अखेरचा निकाल दिला. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच न्यायाधीश.

निकालात दोन गोष्टी महत्त्वाच्या. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे, हे तोवर दावेदारांनाही मान्य करावे लागले होते. उरला प्रश्न रूढीचा. अस्पृश्यांना वगळून तळे वापरण्याची रूढी अनादिकालापासून आहे, असा त्यांचा दावा होता. ती तशी आहे हे सिद्ध झालेले नाही, असे हायकोर्टाने म्हटले आणि अपील फेटाळले. पहिल्यांदा पाणी प्यायल्याला तेव्हा दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते.

पाहा, शेवटी कशाचा उपयोग झाला? तळे 'सार्वजनिक' आहे या एका गोष्टीचा. नगरपालिकेने ठराव मागे घेतला, पण तळ्याची मालकी तिच्याकडेच राहिली. सार्वजनिक मालकी कायम राहिली म्हणून हक्काला उभे राहायला जमीन मिळाली. तळे खासगी असते तर दावा तिथेच संपला असता.

तळ्यापासून राज्यघटनेपर्यंत

यानंतरची कडी फार सुंदर आहे. भारताच्या राज्यघटनेचे कलम १५ काढून वाचा. त्याच्या दुसऱ्या उपकलमात म्हटले आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत जाण्यापासून, तसेच राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते वापरण्यापासून रोखता येणार नाही. विहिरी, तलाव, सार्वजनिक पैसा! १९२३ च्या बोले ठरावाशी आणि १९२४ च्या महाडच्या ठरावाशी हे ताडून पाहा. मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी कोण होते, ते सांगायला नकोच.

पण यात एक फरक आहे. १९२४ चा हक्क नगरपालिकेच्या मर्जीवर होता. बहुमत फिरले, हक्क गेला. घटनेने तो बहुमताच्या हातातून काढून घेतला. महाडने ४ ऑगस्ट १९२७ ला जे केले ते आज कुठल्याही नगरपालिकेला करता येणार नाही. एका गावाच्या कच खाण्यातून देशाने हा धडा घेतला, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

सातासमुद्रापलीकडे

हा विषय आपल्या स्मरणिकेत कशाला, असे कुणी विचारील. तर त्याचेही कारण आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटलच्या नगर परिषदेने सहा विरुद्ध एक मताने एक वटहुकूम संमत केला. नोकरी, घर आणि सार्वजनिक सेवा यांत जातीवरून भेदभाव करायला त्याने मनाई केली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहराने तसेच पाऊल उचलले. कॅलिफोर्निया राज्याच्या अशाच विधेयकावर मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. प्रचलित कायद्यांत हे आधीच येते, असे त्यांचे म्हणणे होते.

या कायद्यावरून आपल्या भारतीय समाजात मतभेद झाले आणि ते अजून आहेत. काहींना वाटते की यामुळे प्रत्येक भारतीयाकडे संशयाने पाहिले जाईल. काहींना वाटते की जो भेदभाव सोसला त्याला निदान नाव तरी मिळाले. दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे आपल्या ओळखीची, आपल्याच कार्यक्रमांना येणारी आहेत. पण महाडचा इतिहास समोर ठेवला तर एक गोष्ट लक्षात येते. सिॲटलच्या कायद्यामागे शहराचे नागरी हक्क कार्यालय आहे. तिथे तक्रार करता येते, चौकशी होते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात. महाडच्या १९२४ च्या ठरावात नेमकी हीच गोष्ट नव्हती. म्हणून तो तीन वर्षे दप्तरात पडून राहिला.

शहराने हक्क राखायचे म्हणजे काय करायचे, हे महाडने आपल्या परीने सांगून ठेवले आहे. जे सर्वांच्या पैशाचे, ते सर्वांचे, हे लिहून ठेवायचे. लिहिल्यावर त्याची अंमलबजावणी कोण करणार, हेही ठरवायचे. ज्यांच्यापाशी मते कमी आहेत त्यांना सभेसाठी जागा आणि प्यायला पाणी द्यायचे. आणि गावातले चार वजनदार लोक रागावले म्हणून दिलेला शब्द फिरवायचा नाही.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. आपली मंडळेही एका अर्थाने लहानशी गावेच आहेत. तिथेही सभागृह कुणासाठी खुले, व्यासपीठावर कुणाला बोलवायचे, कुणाच्या जयंतीला वेळ द्यायचा, असे प्रश्न येतातच, आणि तेव्हा आपणही शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

२० मार्च हा दिवस भारतात सामाजिक सबलीकरण दिन म्हणून पाळला जातो. दरवर्षी हजारो लोक महाडला येतात, तळ्यावर आणि क्रांतिस्तंभापाशी डोके टेकवतात. २० मार्च २०२७ ही त्या पहिल्या ओंजळीची शताब्दी. पुढच्या वेळी मुलांना घेऊन रायगडाला जाल तेव्हा महाडला नुसती गाडी बदलू नका. तळ्यापाशी अर्धा तास थांबा आणि मुलांना या पाण्याची गोष्ट सांगा. बाबासाहेबांची सांगा, सुरबानानांची सांगा, जमीन देणाऱ्या फत्तेखानाची सांगा. आणि जिने दिलेला शब्द मागे घेतला, त्या नगरपालिकेचीही सांगा.